काळी दोनची मोकळी तार: एका बेस गिटारसाठी तारांची निवड

गणेशोत्सवाचे कार्यक्रम आटोपून आमच्या वाद्यवृंदाने दिवाळी पहाटेच्या तालमी सुरू केल्या. त्यातल्या पहिल्याच रविवारी पेटीवादकाने मध्येच हात थांबवला आणि म्हटले, "काका, तुमचा षड्ज चढतोय." काकांनी शब्दाने उत्तर दिले नाही. बेस गिटारच्या डोक्याला चिमट्याने लावलेला, स्वर मोजणारा ट्यूनर त्यांनी पेटीवादकाकडे वळवला आणि सर्वांत जाड तार हलकेच छेडली. सुई बरोबर मधल्या रेषेवर थांबली. गाणे पुन्हा सुरू झाले आणि दुसऱ्या कडव्याला षड्ज पुन्हा चढला. ट्यूनर खोटे बोलत नव्हता आणि पेटीवादकाचा कानही नाही. या विसंगतीचा उलगडा होऊन बेसवर योग्य तारा चढेपर्यंत पाच आठवडे गेले. त्यांत जे तपासले, जे चुकले आणि जे ठरले ते येथे नोंदवत आहे. मी या वाद्यवृंदाची ध्वनिव्यवस्था पाहतो आणि वाद्यांची किरकोळ दुरुस्ती करतो.

वाद्य, वादक आणि गाणी

काका अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये आयुष्य काढून ते निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी तरुणपणी सोडलेली बेस गिटार पुन्हा हातात घेतली. वाद्य जुन्या बाजारातून घेतलेले, चार तारांचे, ३४ इंच स्केलचे, म्हणजे नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (दुसऱ्या टोकाचा तारांचा आधार) मोकळ्या तारेची लांबी सुमारे ८६४ मिलिमीटर. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसची हीच लांबी होती आणि आज बहुतेक बेस याच मापाचे असतात. त्यावर ४५-६५-८०-१०० या आकड्यांच्या, निकेलचा मुलामा दिलेल्या राउंडवाउंड, म्हणजे गाभ्यावर गोल तार गुंडाळलेल्या, तारा होत्या. हे आकडे इंचाच्या हजारांशांत असतात. १०० म्हणजे २.५४ मिलिमीटर जाडीची तार.

आमचा कार्यक्रम ठरलेल्या साच्याचा असतो. भावगीते, दोन-तीन नाट्यपदे, जुनी मराठी-हिंदी चित्रपटगीते आणि उठण्याआधी श्रोत्यांना जागे करण्यासाठी कोळीगीत किंवा लावणी. मुख्य गायकाची पट्टी काळी दोन, म्हणजे त्याचा षड्ज पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर, आणि गायिकेची काळी पाच. या प्रकरणाचे मूळ याच दोन पट्ट्यांत आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल.

बेस गिटारच्या मोकळ्या तारा नेहमीच्या जुळणीत ई, ए, डी, जी अशा असतात. पेटीच्या भाषेत त्या अनुक्रमे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच होतात. थोडक्यात, चारही मोकळ्या तारा पांढऱ्या पट्ट्यांवर आणि आमचे गायक काळ्या पट्ट्यांवर. पाश्चात्य बँडमध्ये गाण्याची पट्टी पुष्कळदा वाद्याच्या सोयीने ठरते. आपल्याकडे ती गळ्याच्या सोयीने ठरते आणि ते योग्यच आहे. त्याचा भार मात्र बेसवादकाच्या डाव्या हातावर पडतो. मोकळी तार वापरता येत नाही, प्रत्येक लांब स्वर दाबून धरावा लागतो आणि तोही नटजवळच्या फ्रेट्सवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर), जेथे अंतर सर्वांत जास्त असते. ३४ इंचांच्या बेसवर नट आणि पहिला फ्रेट यांच्यात साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर अंतर असते.

यावर काकांनी स्वतःच एक उत्तम युक्ती काढली होती. त्यांनी चारही तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या होत्या. तसे केले की मोकळ्या तारा काळी दोन, काळी चार, काळी एक आणि काळी तीन होतात. म्हणजे एकदम चार काळ्या पट्ट्या हाताशी येतात. गायकाचा षड्ज सर्वांत जाड मोकळ्या तारेवर, ३८.९ हर्ट्झवर मिळतो. गायिकेच्या काळी पाचचा षड्ज दुसऱ्या जाड तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, मध्यम पुन्हा मोकळ्या जाड तारेवर आणि पंचम त्याच तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर सापडतो. भावगीताच्या पहिल्या ओळीखाली मोकळ्या तारेचा षड्ज सोडून दिला की तो जसा पसरतो, तसा दाबलेल्या तारेचा पसरत नाही. मी ही जुळणी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती पुण्याच्याच डोक्यातून निघालेली वाटली.

काकांनी जुळणी बदलली, पण तारा त्याच ठेवल्या. तेथेच घोटाळा झाला.

आधी झालेले उपाय

माझ्याकडे प्रकरण येण्यापूर्वी वर्षभरात तीन उपाय होऊन गेले होते. पहिला उपाय म्हणजे नव्या तारा: खालची तार फटफटते, स्वर स्पष्ट येत नाही, तेव्हा तारा मेल्या असाव्यात, या समजुतीने काकांनी तोच ४५-१०० चा सेट नवा आणून लावला. चार दिवस झळाळी आली आणि फटफट तशीच राहिली. दुसरा उपाय एका दुकानातल्या कारागिराने केला. तार फ्रेटला लागते आहे असे पाहून त्याने ब्रिजवर तारांची उंची वाढवली, दोन महिन्यांनी आणखी वाढवली. तिसरा उपाय काकांच्या वर्गमित्राचा सल्ला होता: निकेलऐवजी स्टेनलेस स्टीलच्या तारा घे, आवाज खणखणीत येतो. तो आला, आणि त्यासोबत बोट सरकताना होणारी चरचरही आली. बालगंधर्व रंगमंदिरातल्या एका कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण आम्ही नंतर ऐकले, तेव्हा गायिकेच्या श्वासाच्या जागी ही चरचर इतकी स्वच्छ ऐकू येत होती की कोणी मंचावर खुर्ची ओढते आहे असे वाटावे.

हे तिन्ही उपाय एकेका तक्रारीला वेगळे धरून केलेले होते.

निदान

मी वाद्य घरी आणले आणि आधी काहीही न बदलता मापे घेतली. १७ व्या फ्रेटपाशी जाड तारेची उंची चार मिलिमीटर भरली. साधारण अडीच मिलिमीटर पुरेशी असते. नंतर पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा दाबून धरणारा चिमटा) लावून आणि शेवटचा फ्रेट बोटाने दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात फट किती आहे ते पाहिले. जाडसर व्हिजिटिंग कार्ड, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर, तेथून अलगद सरकले पाहिजे. येथे साधा कागदही सरकला नाही. दांडी पूर्ण सरळ, किंबहुना किंचित मागे झुकलेली होती.

याचे कारण तारांच्या ताणात होते. एकाच लांबीच्या आणि एकाच वजनाच्या तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. अर्धा स्वर उतरवला की कंपनसंख्या सुमारे साडेपाच टक्क्यांनी घटते, पण ताण जवळजवळ अकरा टक्क्यांनी घटतो. पूर्ण स्वर उतरवला तर ही घट वीस टक्क्यांच्या पुढे जाते. बेसच्या अशा सेटचा चारही तारांचा मिळून ताण पंचाहत्तर ते पंच्याऐंशी किलोच्या घरात असतो. म्हणजे काकांच्या दांडीवरून आठ-नऊ किलोंचा ओढा कायमचा कमी झाला होता. दांडीच्या पोटातली धातूची सळई, म्हणजे ट्रस रॉड, मात्र पूर्वीच्याच ओढ्याला तोलण्यासाठी आवळलेली होती. समोरचा गडी सैल पडल्यावर रस्सीखेचीत जे होते तेच येथे झाले. दांडी मागे गेली, पहिल्या तीन-चार फ्रेट्सवर तार घासू लागली आणि कारागिराने ब्रिज उचलला. ब्रिज उचलल्याने वरच्या फ्रेट्सवरची तार उंच होते. नटजवळच्या फ्रेट्सना त्याचा लाभ जवळजवळ होत नाही. म्हणून फटफट राहिली आणि डाव्या हाताचे श्रम वाढले.

आता चढणारा षड्ज. सैल तार जोराने छेडली की ती मोठ्या कमानीत हलते, त्या कमानीपुरती तिची लांबी वाढते, ताण वाढतो आणि स्वर क्षणभर चढून मग खाली सरकतो. ताठ तारेतही हे होते, पण तेथे मूळ ताणच जास्त असल्याने फरक नगण्य राहतो. मी काकांना समोर बसवून ट्यूनर लावला. तालमीत उत्तर देताना छेडली होती तशी तार त्यांनी छेडली, सुई मध्यावर. मग मी म्हटले, "आता लावणीत मारता तशी मारा." सुई उजवीकडे दहा-बारा सेंटांवर गेली आणि हळूहळू परतली. शंभर सेंटांचा एक अर्धा स्वर होतो, हे लक्षात घेतले तर पेटीसारख्या न हलणाऱ्या स्वरासमोर दहा सेंट कानाला बोचतातच. दाबलेल्या स्वरांवर आणखी एक भर पडत होती: तार उंच, त्यामुळे ती फ्रेटपर्यंत दाबताना जास्त ताणली जात होती. काका सुईकडे बघत राहिले. चाळीस वर्षे मायक्रोमीटर वापरलेल्या माणसाला मापाने पटते. ते म्हणाले, "म्हणजे मी जुळवताना एका जोराने छेडतो आणि वाजवताना दुसऱ्या."

तंबोऱ्यावरचा नियम

या शहरात ज्याच्या घरी तंबोरा आहे त्याला हे खरे तर नव्याने सांगायला नको. पुरुषांच्या पट्टीच्या तंबोऱ्याला जाड तारा आणि बायकांच्या पट्टीच्या तंबोऱ्याला बारीक तारा लागतात. मिरजेहून तंबोरा मागवताना पट्टी सांगावी लागते, कारण भोपळ्यापासून तारेपर्यंत सगळे त्यावर ठरते. बारीक तारांचा तंबोरा दोन स्वर खाली उतरवला तर जवारी (घोडीवरची तार गुंजवणारी घडण) कितीही साफ केली तरी तो गुंजत नाही, नुसता खरखरतो. बेस गिटार हे परके वाद्य म्हणून आपण पाकिटावरचा आकडा परका समजतो आणि दुकानदार जो देईल तो लावतो. तारेचा आकडा पट्टीवर ठरवायचा, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

हिशोबही सोपा आहे. एकाच घडणीच्या तारांमध्ये वजन ढोबळमानाने जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० ऐवजी १०५ घेतली की वजन दहा टक्क्यांनी वाढते. अर्धा स्वर उतरवून गमावलेले अकरा टक्के त्यातून जवळजवळ भरून निघतात. ८० ची ८५ केली तर हिशोब बरोबर जमतो, ६५ ची ७० केली तर ताण तीन टक्क्यांनी जास्त होतो. फक्त सर्वांत बारीक तारेत अडचण आहे: ४५ वरून ५० वर गेले की वजन तेवीस टक्क्यांनी वाढते आणि उतरवल्यानंतरही तार पूर्वीपेक्षा दहा टक्के ताठ राहते. तीच पाच हजारांशांची पायरी बारीक तारेत मोठी पडते. तरीही ५०-७०-८५-१०५ हा सेट तयार मिळणारा आहे, त्यामुळे सुट्या तारा शोधत फिरण्याची गरज नव्हती.

पाच तारांचा बेस घ्यावा, अशी सूचना आमच्या तबलजींनी केली होती. तिचा विचार फार वेळ करावा लागला नाही. पाचवी तार ३१ हर्ट्झच्या खाली-वर वाजते, आमच्या स्पीकरमधून तो मूळ स्वर बाहेर पडत नाही, दांडी रुंद होते, आणि मोकळ्या तारांचा प्रश्न तेथेही अर्धा स्वर उतरवूनच सुटतो.

पहिली चाचणी: जाड राउंडवाउंड

निकेलच्या राउंडवाउंड तारांचा ५०-१०५ चा सेट आणला. स्टेनलेस स्टील टाळण्याचे कारण चरचर एवढेच नव्हते. ते निकेलच्या मुलाम्यापेक्षा कठीण असल्याने फ्रेट्सही लवकर झिजवते. तारा अर्धा स्वर खाली जुळवल्या, दांडी एक रात्र ओढ्याखाली राहू दिली, ट्रस रॉड पाव फेरा सैल केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिले. व्हिजिटिंग कार्ड सरकले. ब्रिज खाली आणून जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरवर ठेवली. नटच्या खाचा तपासल्या; १०५ ची तार १०० च्या खाचेत थोडी अडकत होती, म्हणून बारीक कानसेने खाच रुंद केली, खोल केली नाही. जोराने छेडून पाहिली तेव्हा सुई चार-पाच सेंटांपलीकडे गेली नाही.

रविवारच्या तालमीत पेटीवादक काही बोलला नाही. त्याचे गप्प राहणे आम्ही उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र समजलो.

चरचर मात्र स्टेनलेस स्टीलच्या मानाने कमी होऊनही राहिलीच होती. राउंडवाउंड तारेत मधल्या गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते, म्हणून पृष्ठभाग बारीक कंगव्यासारखा खडबडीत राहतो. बोट सरकले की आवाज होणारच. भरगच्च वाद्यमेळात तो झाकला जातो. आमच्या भावगीतांत अंतऱ्यापूर्वी दोन मात्रा बेस आणि गायिका यांच्याखेरीज कोणीच नसते. तेथे लपायला जागा नव्हती.

दुसरी चाचणी: फ्लॅटवाउंड, आणि माझी चूक

फ्लॅटवाउंड तारेत गाभ्यावर चपटी पट्टी गुंडाळतात, त्यामुळे पृष्ठभाग गुळगुळीत असतो. सुरुवातीच्या बेस गिटारींवर याच तारा असत. रोटोसाउंड या ब्रिटिश कंपनीने १९६० च्या दशकात द हू या बँडचे जॉन एन्टविसल यांच्या सहकार्याने बेससाठी खणखणीत राउंडवाउंड तारा घडवल्या आणि पुढे त्यांचाच प्रसार झाला; पण डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य ध्वनिमुद्रणांत वाजवणारे जेम्स जेमरसन शेवटपर्यंत जाड फ्लॅटवाउंडवरच राहिले आणि तारा तुटल्याशिवाय बदलत नसत. आम्ही वाजवतो ती बरीच गाणी त्याच काळातली असल्याने मला हा पर्याय पहिल्यापासून खुणावत होता, हे मान्य करतो.

येथे वर दिलेला हिशोब जसाच्या तसा चालत नाही. चपट्या पट्टीच्या वेढ्यांमध्ये पोकळी कमी राहते, म्हणून एकाच आकड्याची फ्लॅटवाउंड तार राउंडवाउंडपेक्षा बहुधा जड आणि ताठ असते. किती, ते घडणीवर अवलंबून असते. थोमास्टिक-इनफेल्ड या व्हिएन्नाच्या कंपनीच्या फ्लॅटवाउंड तारा उलट मऊपणासाठी प्रसिद्ध आहेत. त्यामुळे प्रकार बदलताना आकडा तोच ठेवून चालत नाही. निर्मात्याने दिलेला ताणाचा तक्ता पाहावा लागतो. तो पाहून आम्ही ५०-१०५ ऐवजी ४५-६५-८०-१०० चा फ्लॅटवाउंड सेट निवडला. अर्धा स्वर उतरवल्यावर त्याचा ताण पहिल्या चाचणीतल्या सेटच्या जवळपास येत होता आणि बारीक तारेची अडचणही आपोआप मिटत होती. किंमत राउंडवाउंडच्या जवळजवळ दुप्पट पडली. काळा नायलॉन गुंडाळलेल्या टेपवाउंड तारांचाही विचार झाला होता, पण त्या बऱ्याच जाड येतात आणि त्यांच्यासाठी नटच्या खाचा एवढ्या रुंद कराव्या लागल्या असत्या की परतीचा रस्ताच राहिला नसता.

आणि मग मी एक तार वाया घालवली. बेसची तार खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर राखून, आधी काटकोनात वाकवून मग कापायची असते. वाकवण्याआधी कापली तर वेढे गाभ्यावरून सैल होण्याचा धोका असतो. वाकवण्याचे माझ्या ध्यानात होते, लांबीचे राहिले नाही. दुसऱ्या जाड तारेला खुंटीवर जेमतेम एक फेरा बसला. तो नटकडे खाली ओढ घेईना, मोकळ्या तारेतून सतारीसारखा झणकार येऊ लागला आणि ताण चढवताच तार खुंटीवरून सरकली. दुसऱ्यांदा वाकवताना चपटी पट्टी एका जागी उलगडली. फ्लॅटवाउंड तार असे दुसऱ्यांदा वाकवणे सहन करत नाही. सुटी तार पुण्यात मिळाली नाही, मुंबईहून मागवावी लागली आणि एक रविवार फुकट गेला. काकांनी एवढेच विचारले, "मोजून कापायची पद्धत तुमच्याकडे नाही का?" टूलरूमच्या माणसाकडून हे ऐकून घेणे भाग होते.

तार आल्यावर तालीम झाली. चरचर गेली, हे पहिल्याच गाण्यात कळले. दुसरी गोष्ट मला अपेक्षित नव्हती: तबलजी खूश झाले. डग्ग्याचा घुमारा आणि बेसचे खालचे स्वर एकाच भागात राहतात, आणि राउंडवाउंडचा स्वर छेडल्यानंतर बराच वेळ झळाळत राहिल्याने डग्ग्याची मींड त्याखाली दबत असे. फ्लॅटवाउंडचा स्वर आघाताला भरीव आणि नंतर लवकर मवाळ होणारा असतो. डग्ग्याला श्वास घ्यायला जागा मिळाली.

आमच्या संगीत संयोजकांचा मात्र विरोध होता आणि तो निराधार नव्हता. त्यांचे म्हणणे असे की मांडवातल्या लहान स्पीकरमधून ३८.९ हर्ट्झ बाहेर येत नाहीत. राउंडवाउंडच्या वरच्या स्वरांशांमुळे निदान बेस वाजतो आहे हे कळते, फ्लॅटवाउंड लावले की तो नाहीसाच होईल. यावर मी त्यांना माझ्या फोनवर दोन्ही तालमींचे ध्वनिमुद्रण ऐकवले. फोनचा स्पीकर तर त्याहून लहान. बेस त्यातही स्वच्छ ओळखू येत होता, कारण कान मूळ स्वर ऐकत नसला तरी त्याच्या दुपटी-तिपटीवरचे, येथे साधारण ७८ आणि ११७ हर्ट्झवरचे, आणि त्यांच्यावरचे स्वरांश जुळवून खालचा स्वर ताडतो, आणि हे स्वरांश फ्लॅटवाउंडमध्ये भरपूर असतात. तिच्यात कमी असतो तो हजार-दोन हजार हर्ट्झच्या वरचा भाग, म्हणजे नेमका चरचरीचा. संयोजकांनी भावगीतांपुरते मान्य केले. कोळीगीताला उठाव येत नाही, हे त्यांचे म्हणणे मात्र खरे ठरले. त्यावर तोडगा तारांत नव्हता. काकांनी त्या दोन गाण्यांना टोनची कळ पूर्ण उघडून, ब्रिजजवळ, बोटांऐवजी प्लेक्ट्रमने (छेडण्याच्या चपट्या नखीने) वाजवायचे ठरवले. पूर्वीचा खणखणाट आला नाही, पण नाचणाऱ्यांची तक्रार आली नाही.

पहाटेचा कार्यक्रम

पाडव्याच्या पहाटे साडेपाचला कोथरूडमधल्या मैदानावरच्या मांडवात कार्यक्रम सुरू व्हायचा होता. थंडीत पोलादी तारा आकसतात आणि स्वर चढतो. घरात जुळवून आणलेला बेस मांडवात पुन्हा जुळवावाच लागतो. म्हणून वाद्य पाऊण तास आधी खोळीतून काढून मंचावर ठेवले आणि काकांनी ते दोनदा जुळवले, दोन्ही वेळा वाजवतानाच्या जोराने छेडून. पहिले भावगीत काळी दोनमध्ये होते. मोकळ्या तारेचा षड्ज सुटला आणि मी मिक्सरवर बेसच्या पट्टीला हात न लावता बसून राहिलो.

काकांची एक तक्रार अजून आहे. घरी एकट्याने सराव करताना या तारा त्यांना मुक्या वाटतात, "गादीवर बडवल्यासारख्या". एकट्या बेसपुरते ते खरेच आहे आणि मी वाद घातला नाही.

पहिल्या चाचणीतला ५०-१०५ चा राउंडवाउंड सेट जेमतेम तीन आठवडे वापरलेला होता. तो काकांनी फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तयारीत असलेल्या भाच्याला दिला. त्याचा बेस त्याच घडणीचा असल्याने कापलेल्या तारा खुंट्यांवर बरोबर बसल्या. आठवड्याने भाच्याचा फोन आला: "मामा, तारा भारी आहेत, पण बोटं सोलून निघतायत." तो नेहमीच्या जुळणीत, पांढरी तीनवर वाजवतो. काकांनी त्याला आधी एवढेच विचारले, "तुमच्या गायकाची पट्टी कोणती?"